कृपया जरा मागे सरा

दात हा माणसाचा असा नातेवाईक आहे, की तो गप्प असेपर्यंत त्याची कुणाला आठवण नाही, आणि एकदा बोलायला लागला की घरात दुसऱ्या कुणाचं काही चालू देत नाही. पण कृपयानानांच्या दाताची तऱ्हाच निराळी. तो दुखला नाही, ठणकला नाही, स्वतः चकार शब्द बोलला नाही. त्याने एवढंच केलं, की ऐन गर्दीच्या वेळी, भरल्या बसस्थानकावर, नानांना एक अक्षर बोलू दिलं नाही.

ते अक्षर म्हणजे 'ज'.

आता 'कृपयानाना' हे काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नाना बसस्थानकावर उद्घोषक. फलाटांच्या वरच्या अंगाला एक काचेची खोली, खोलीत टेबल, टेबलावर माईक, आणि माईकमागे नाना. सारी हयात त्यांनी "कृपया लक्ष द्या" म्हणण्यात घालवली, आणि जन्मभर एक शब्द जिभेवर घोळवला की तो शेवटी जिभेचा मालकच होऊन बसतो. नाना जेवताना "कृपया मीठ" म्हणत. रागावले तर "कृपया माझं डोकं खाऊ नका" म्हणत. चालक-वाहकांनी लाडाने ठेवलेलं हे नाव हळूहळू बायकोच्या माहेरापर्यंत जाऊन पोचलं होतं.

नानांना पैशाचा अभिमान नव्हता, रूपाचा असण्याचं कारण नव्हतं. अभिमान होता तो उच्चाराचा. आपल्या भाषेत लिहायला 'ज' एकच, पण बोलायला दोन. जावयातला 'ज' जिभेने वरच्या दातांना मागून टेका देऊन काढायचा. जिवातला 'ज' टाळूवरून. हे त्यांना लहानपणी शिकवलं आत्याने. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आता थकली होती आणि नानांच्याच घरी खिडकीशी खुर्ची टाकून, रेडिओवर गाऊन सांगितलेल्या कथा-प्रवचनांत दिवसचे दिवस बुडालेली असायची. सांगणाऱ्याचा सूर उतरला तर आत्या चढवायची, आणि शब्द चुकला तर रेडिओलाच दटावायची. "अरे, अक्षर म्हणजे देवाचं घर," ती छोट्या नानाच्या दातांवर बोट ठेवून म्हणायची. "दारातून आत जावं. भिंत फोडून नाही." आणि मग तिची आवडती जोडी सांगायची: "दातांवरचा 'जरा' म्हणजे थोडंसं. टाळूवरची 'जरा' म्हणजे म्हातारपण. जन्म, जरा, मरण, त्यातली. पहिला 'जरा' आपण लोकांना म्हणतो, आणि दुसरी जरा आपल्याला गाठते. दोघांची गल्लत करू नकोस हो."

नानांनी कधी केली नव्हती. गाडी फलाटाला लागताना ते दिवसभरात कितीदा तरी म्हणत, "कृपया जरा मागे सरा." त्या 'जरा'वर त्यांचा जीव होता. मऊ, दाताला लागून अलगद सुटणारा 'जरा'. त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी जीभ दाताला टेकवली, म्हणाले, "कृपया जरा मागे सरा," आणि खाली प्रवासी मागे सरले की नाही देव जाणे, पण नानांचा वरचा पुढचा दात मागे सरला.

आणि 'जरा' निघाला तो थेट टाळूवरून. म्हातारपणाचा.

खाली कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण गवयाचा एक स्वर ढळला तर समोरच्यांना कळो न कळो, गवयाला त्या रात्री भाकरी गोड लागत नाही. नानांचं तसं झालं. त्यातून वेळ कशी पाहा. नाना वर्षअखेर निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांच्या जागी माणूस न नेमता वरच्या कार्यालयाने यंत्र बसवायचं ठरवलं होतं. यंत्राला तयार आवाज होता. पण तो दोन्ही 'ज' एकाच मापाने मोजायचा. चाचणीच्या दिवशी त्याने 'जुना जकात नाका' असं काही म्हटलं, की तिथे उतरणाऱ्यांनाही आपला थांबा परमुलखातला वाटला. तेव्हा स्थानकप्रमुखबाईंनी वर लिहून मंजुरी आणली होती, की सगळ्या सूचना नानांच्या आवाजात एकदाच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. म्हणजे नाना घरी गेले तरी त्यांचा आवाज स्थानकावर राहणार. नानांना मूलबाळ नव्हतं. मागे काय राहणार, तर हे. आणि त्याच सुमारास हा दात!

"रोज ब्रशला रक्त लागतं, मी कधीची सांगतेय," बायको म्हणाली.

"ब्रश कडक आहे."

"मग मऊ आणा."

"मऊ ब्रशने दात स्वच्छ होत नाहीत, कृपया."

"आणि तोंडाला वास येतो तो? तोही ब्रशचाच?"

यावर नानांनी वर्तमानपत्र उघडलं. संसारात पुरुषाला देवाने दोनच ढाली दिल्या आहेत, वर्तमानपत्र आणि आंघोळ.

दाताच्या डॉक्टरकडे जायला नाना तयार नव्हते. दातवाले दात काढतात एवढं त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना तर दात ठेवायचा होता. म्हणून ते गेले समोरच्या दारात, विमावाल्यांकडे. विमावाले विमे विकत आणि सल्ले फुकट देत. त्यामुळे लोकांनी त्यांच्याकडून विमे घेतले नाहीत तरी सल्ले भरपूर घेतले होते.

"नाना, आमच्या सासऱ्यांचा दात असाच हलायचा," विमावाले म्हणाले. "लवंगेचं तेल! चांगलं चोळायचं. हात आखडता घ्यायचा नाही."

"मग बसला का दात?"

"दात पडला. पण कळलंच नाही त्यांना, इतकं बधिर!"

हे ऐकूनही माणूस लवंगेचं तेल लावतो, याला विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात. नानांनी दुसऱ्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी बोटभर तेल हिरड्यांना चोळलं. हात आखडता घेतला नाही. काचेच्या खोलीत पोचेपर्यंत हिरडी बधिर, ओठ बधिर आणि जीभ तर जणू दुसऱ्याच कुणाची तात्पुरती ठेवायला घेतलेली. त्या जिभेने त्यांनी न्यायालयाची गाडी सहा नंबरवर लागल्याचं सांगितलं. जिभेतून 'सहा' निघाला तो 'दहा' होऊन. दहा नंबरवर प्राणिसंग्रहालयाची गाडी उभी होती. काळ्या कोटातले वकील कागदांत माना घालून चढले, आणि वर पाहिलं तेव्हा समोर जिराफ. त्यातले एक वकील म्हणे संध्याकाळी फार प्रसन्न चेहऱ्याने परतले. पण बाकीच्यांनी लेखी तक्रार केली, आणि वकिलांची लेखी तक्रार म्हणजे काय ते ज्याला आली त्यालाच ठाऊक.

स्थानकप्रमुखबाई कडक पण मनाच्या वाईट नव्हत्या. "नाना, तुमच्यासाठी मी वर किती भांडले ते मला माहीत," त्या म्हणाल्या. "मुद्रणवाले महिनाअखेरीला येणार. एकदाच येणार. तोंड नीट करून या. नाहीतर तो यंत्राचा आवाज आहेच."

तेव्हा कुठे नाना दातांच्या दवाखान्याची पायरी चढले. पायऱ्या बऱ्याच होत्या. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी, जी वाचून वाचून पिवळी पडली होती.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. नाना आडव्या खुर्चीत आ वासून पडले, डोक्यावर दिवा, गालात आरसा.

"काका, दात चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या.

नानांचे डोळे भरून आले.

"खराब आहे ती जमीन. हिरड्या सुजल्यात, दातांपासून सुटल्यात, आतलं हाड झिजलंय. झाड धड आहे हो, माती वाहून गेलीय. आणि हा एकटाच नाही, बाकीचेही त्याच वाटेवर आहेत." मग आरसा फिरवता फिरवता त्यांनी सहज विचारलं, "साखर किती आहे तुम्हाला?"

"दोन चमचे," नाना आ वासलेल्या तोंडानेच म्हणाले. "पण चहा राहू दे. तोंड मोकळं झालं की बघू."

डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला सारला. "चहाची नाही, रक्तातली. तपासलीय कधी? तहान फार लागते?"

"दिवसभर बोलणाऱ्याचा घसा सुकणारच."

"रात्री उठावं लागतं?"

"एवढं पाणी प्यायल्यावर उठावं लागणारच."

"थकवा?"

"अहो डॉक्टरीणबाई, मी दात दाखवायला आलोय. तुम्ही तर सगळं घरच उघडून बघायला लागलात!"

त्या हसल्या, पण चिठ्ठी दिलीच: आधी रक्त तपासा, मग याच इमारतीत पहिल्या मजल्यावर साखरेचे डॉक्टर बसतात त्यांना दाखवा. "आणि साखर जरा आटोक्यात आली, की या. खोलवर सफाई करू हिरड्यांची."

नाना खाली उतरले ते दुखावल्या मनाने. घड्याळ दुरुस्तीला न्यावं आणि घड्याळजीने नाडी पाहावी, असला प्रकार! पण डॉक्टरीणबाईंच्या 'जरा'चा उच्चार मात्र अगदी शुद्ध होता, एवढ्यासाठी त्यांनी रक्त दिलं.

साखर निघाली. साखरेचे डॉक्टर मृदू बोलणारे, गोलसर गृहस्थ होते. वाईट बातमीही ते अशी सांगत, की ऐकणाऱ्याने आभार मानावेत. "जरा जास्त आहे," ते म्हणाले. "घाबरायचं काही नाही. ही गोळी सुरू करू, चालायला लागा, गोड बंद. बरं, तोंडात काही जखम, सूज?"

"हिरड्या."

"अरे वा! म्हणजे, अरेरे. बघा, हिरड्यांत सूज असली तर साखर हटून बसते, गोळीला दाद देत नाही. ती सूज जरा उतरवून घ्या, म्हणजे गोळीचं नेमकं ठरवता येईल."

आता इथे दोष कुणाचा म्हणायचा? वरच्या बाईंचा नाही, खालच्या डॉक्टरांचा नाही. दोघांनी एक-एक 'जरा' वापरला. आणि नाना सूचनांचा माणूस. सूचना जशीच्या तशी पाळायची हा त्यांचा धर्म. साखर जरा उतरेपर्यंत त्यांनी हिरड्यांची सफाई लांबवली, आणि हिरड्यांची सूज जरा उतरेपर्यंत गोळी कपाटात ठेवली. दर काही दिवसांनी ते तिसऱ्या मजल्यावर जात, तिथून पहिल्यावर, पहिल्यावरून पुन्हा तिसऱ्यावर. वर म्हणत "अजून जरा," खाली म्हणत "अजून जरा." जन्मभर दुसऱ्यांना या फलाटावरून त्या फलाटावर धाडणाऱ्या माणसाला त्या जिन्यात पहिल्यांदा कळलं, की हातात पिशवी घेऊन धावणाऱ्याला वरचा आवाज कसा लागतो. मनातल्या मनात त्यांनी पुष्कळ अनोळखी प्रवाशांची क्षमा मागितली.

घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. उच्चार बिघडला हे सांगायची लाज, आणि साखर निघाली याची तर त्याहून. जणू ती कुणाच्या घरातून चोरून आणली होती.

पण मुद्रणाची बातमी मात्र विमावाल्यांनी साऱ्या इमारतीत फिरवली. एका संध्याकाळी शेजारी लोटले. मिठाईचे खोके आले, बिस्किटांचे डबे आले. "नाना, आता तुम्ही अमर!" "नाना, तुमच्या तोंडात साखर पडो!" जो येई तो हेच म्हणे आणि म्हटल्याबरोबर स्वतःच्या हाताने ती पाडी. ती पूर्वीच पडलीय, हे नाना कुणाला सांगणार? ते हसत होते, चावत होते डाव्या बाजूने, आणि खिडकीतल्या आत्याला दिसत होतं, की हा हसताना ओठ दातांवर ओढून घेतोय. तिचे डोळे अधू झाले होते. पण ज्या दातांवर तिने बोट ठेवून अक्षरं शिकवली, ते तिला अंधारातही दिसले असते. ती तेव्हा काही बोलली नाही.

बोलले ते विमावाले. शेजारी पांगल्यावर जाता जाता ते नानांच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, नाना हल्ली त्या दवाखान्यांच्या इमारतीत फार दिसतात हो. मी आमच्या गिऱ्हाइकाकडे जातो ना तिथे. कधी चढताना दिसतात, कधी उतरताना. वेळीच विमा काढला असता तर..."

दार लागलं. बायकोने रिकामा खोका टेबलावर ठेवला.

"शेजाऱ्यांना कळतं, मला नाही?"

नानांनी वर्तमानपत्राकडे हात नेला. तिने ते उचलून आत्याच्या मांडीवर दिलं.

"जरा साखर निघालीय," नाना म्हणाले.

"जरा म्हणजे किती?"

नाना रिकाम्या खोक्याचं झाकण लावू लागले.

"आणि दात हलतोय, तो किती? जराच?"

"...जरा."

"अहो, तुमच्या त्या आवाजाचं मला कौतुक आहे, नाही असं नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "पण यंत्रात आवाज ठेवून तुम्ही गेलात तर मी काय स्थानकावर जाऊन बसू? बाकावर? मला 'कृपया मीठ' म्हणणारा माणूस घरात हवाय."

खिडकीतून आत्या म्हणाली, "सूनबाई, बरोबर बोललीस." मग नानांकडे वळून: "आणि तू रे? मी तुला दोन जरा शिकवल्या. ही तिसरी कुठून आणलीस? जिच्यामागे माणूस लपतो ती?"

बायको उठली, साखरेचा डबा मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे तिचाही हात पोचत नव्हता, आणि म्हणाली, "उद्या जा. आणि 'जरा म्हणजे किती' हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी नाना गेले. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत कुणीतरी आ वासून पडलेलं. मदतनीस म्हणाली, बसा, आणि तोवर खाली साखरेच्या डॉक्टरांना दाखवून या. पहिल्या मजल्यावर डॉक्टर फोनवर. तिथली बाई म्हणाली, बसा, नाहीतर वर दातांचं उरकून या. नाना जिन्यात आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे राहिले, ना धड वर, ना धड खाली. महिनाअखेर दिवसादिवसाने जवळ येत चाललेली. दात नुसत्या श्वासानेही हलत होता. कानात बायकोचं वाक्य. आणि त्या वळणावर त्यांच्या आत काहीतरी पेटलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, जन्मभराची सवय घशात आली, आणि माईकवाचून, नुसत्या गळ्याने, सगळी इमारत दणाणून गेली:

"कृपया लक्ष द्या! कृपया लक्ष द्या! तिसऱ्या मजल्यावरून सुटणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि पहिल्या मजल्यावरून सुटणारे साखरेचे डॉक्टर, यांनी त्वरित दुसऱ्या मजल्याच्या वळणावर यावं! आपला प्रवासी मध्येच खोळंबला आहे!"

दारं उघडली. वरून कापसाचे बोळे गालात धरलेला रोगी डोकावला, खालून रांगेतले लोक. दुसऱ्या मजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. तिथली गिऱ्हाइकं निम्म्या निम्म्या चष्म्यात बाहेर आली. आणि वरून हातमोजे घातलेल्या डॉक्टरीणबाई, खालून फोन हातात धरलेले डॉक्टर, दोघं धावत वळणावर येऊन ठेपले. एका इमारतीत इतकी वर्षं बसून त्यांनी एकमेकांना आजच पहिल्यांदा पाहिलं.

"कोण कोसळलंय?" डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"कुणी नाही," नाना म्हणाले. "कृपया एकच सांगा. साखर जरा उतरू दे म्हणता, हिरड्या जरा बऱ्या होऊ देत म्हणता. जरा म्हणजे किती? आणि आधी कुणाची?"

दोघं नानांकडे बघत राहिले. मग एकमेकांकडे.

"तुम्ही यांची सफाई नाही केली?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही यांना गोळी नाही दिली?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दिली की!"

"कपाटात आहे," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई मात्र पायरीवर नानांच्या शेजारी बसल्या. "काका, चूक आमची. आम्ही मोघम बोललो. ऐका. साखर वाढली की हिरड्यांची जखम भरत नाही. हिरड्या सुजल्या की साखर उतरत नाही. दोघी मैत्रिणी आहेत. एकीला हाकललं की दुसरी मागचं दार उघडून तिला परत आत घेते."

"म्हणून दोघींना एकदमच बाहेर काढायचं," डॉक्टर म्हणाले. "आधी-नंतर नाही. गोळी आजपासून."

"आणि सफाई आत्तापासून. चला वर."

"आणि यापुढे," डॉक्टर मृदू आवाजात म्हणाले, "आपण कुणीच 'जरा' म्हणायचं नाही."

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं नाही. हिरड्यांच्या खोलवर सफाईत नानांना कळलं, की आपल्या तोंडात आपल्याला न विचारता किती वस्ती झाली होती. घरात मऊ ब्रश आला. नाना सकाळी चालायला जाऊ लागले; विमावालेही बरोबर येऊ लागले, आणि त्यांचे सल्ले ऐकू नयेत म्हणून नाना इतके भरभर चालत, की डॉक्टरांना अपेक्षा होती त्याहून लवकर साखर उतरू लागली. तेव्हा त्या माणसाचे उपकार मानायलाच हवेत. देव कुणाच्या रूपाने मदत पाठवील याचा नेम नाही. लवंगेच्या तेलवाल्याच्या रूपानेही पाठवतो. ब्रशला लागणारं रक्त थांबलं. एकदा बायकोने पहाटे नानांच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि काही न बोलता हसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

पण हाड काही महिनाअखेरीच्या सोयीने भरत नसतं. दात अजून हलत होताच. तो शांत राहावा म्हणून डॉक्टरीणबाईंनी मागच्या बाजूने बारीक तार लावून त्याला दोन्हीकडच्या दातांना बांधून टाकलं. "शेजाऱ्यांच्या आधाराने राहू दे काही दिवस," त्या म्हणाल्या. नाना म्हणाले, "हे शेजारी सल्ले देत नाहीत ना, मग राहू दे."

मुद्रण झालं स्थानकाच्या सामानघरात, भिंतींना गाद्या लावून. नानांनी साऱ्या गावांची, थांब्यांची नावं म्हटली. तारेला चुकवत, जिभेला जपत, त्यांनी 'जुना जकात नाका' असा म्हटला, की दाराशी उभ्या स्थानकप्रमुखबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेवटचं वाक्य राहिलं होतं. नानांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आवडीचा घास शेवटी ठेवावा तसं. त्यांनी जीभ उचलली. आणि दिवसभराच्या श्रमाने तारेचं एक टोक सुटलं, ते जिभेला टोचलं, जीभ चमकून मागे टाळूला गेली:

"कृपया जरा मागे सरा. गाडी फलाटाला लागत आहे."

टाळूवरून. स्वच्छ, घंटेसारखी, म्हातारपणाची जरा.

"वा!" मुद्रणवाला म्हणाला, आणि वायरी गुंडाळू लागला.

"थांबा! हे पुन्हा घ्या. 'ज' चुकला."

"कुठे चुकला?" त्याने परत लावून ऐकवलं. "'जरा'च तर म्हणालात."

"तो दातांवरचा हवा. हा टाळूवरचा आला."

मुद्रणवाल्याने कागद पुढे केला. "नाना, लिहिलाय एकच ना? मग बोललात तोच." आणि कागदावर शिक्का बसला. मंजुरी एकाच मुद्रणाची होती. दुसऱ्याला पुन्हा वर लिहायला हवं होतं, आणि वरचे लोक उत्तर देतात तेव्हा प्रश्न विचारणारा बहुधा निवृत्त झालेला असतो.

नाना घरी आले ते जेवले नाहीत. सगळं आयुष्य एका अक्षरावर तोललं, आणि नेमकं तेच अक्षर कायमचं चुकीचं राहिलं. आता गाडीगणिक ते वाजणार. बायकोने समजूत घातली, डॉक्टरीणबाईंनी तार पुन्हा घट्ट बसवली, विमावाल्यांनीसुद्धा त्या दिवशी सल्ला दिला नाही. निवृत्तीचा दिवस आला तरी नाना स्थानकावर यायला तयार नव्हते. शेवटी आत्याच हट्टाला पेटली. "मला तुझा आवाज ऐकायचाय. रेडिओवाले रोज भिंती फोडतात. एकदा दारातून आलेला शब्द ऐकू दे."

मग काय, गेले. फलाटाच्या कडेला आत्या काठी टेकून उभी, एका बाजूला बायको, एका बाजूला नाना, मान खाली. दूरवर गाडी वळली. खांबावरच्या भोंग्यातून तो आवाज आला, भरदार आणि शांत:

"कृपया जरा मागे सरा."

आत्याने डोकं एका बाजूला कलतं केलं. "पुन्हा वाजेल का?"

"प्रत्येक गाडीला," नाना म्हणाले. "चुकलं, आत्या. दातांवरचा हवा होता. टाळूवरचा आला."

आत्याने काठी घट्ट धरली. मग तिचे खांदे हलू लागले. नाना घाबरले, पण ती रडत नव्हती. हसत होती, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे वेड्या, चुकलं कुठे? जन्मभर मी तुला शिकवलं, की ती जरा कुणासाठी थांबत नाही. एवढी कथा-प्रवचनं ऐकली मी, पण म्हातारपणाला भर चौकात अहोजाहो करून, 'कृपया मागे सरा' म्हणून सांगणारा कुणी भेटला नव्हता!" आणि तिने नानांच्या हनुवटीला हात लावला, ओठ वर केला, बोट दातावर ठेवलं. दात हलला नाही. "हा बघ. ऐकलंन तिनं. सरली."

नानांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. नाना कधी भोंग्याकडे बघत, कधी आत्याकडे. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ओठ न ओढता हसून दाखवलं.

तेवढ्यात पुढची गाडी आत वळली. भोंगा पुन्हा बोलला. प्रवासी मागे सरले. आत्या मात्र काठी रोवून कडेलाच ठाम.

"आत्या, कृपया मागे हो! गाडी येतेय."

"मी का होऊ?" आत्या म्हणाली. "तू मला थोडंच सांगतोयस? तिला सांगतोयस!"

नाना आणि बायकोने मिळून तिला उचलूनच मागे घेतलं.